काठीवरचा झेंडू

अण्णा,

मी शिकवते त्या शाळेतल्या विज्ञानाच्या कार्यक्रमात मी तुमच्याबद्दल सांगितलं ते चुकीचं होतं. मी म्हणाले, माझे वडील शाळेत गेले नव्हते, म्हणून महाराज नुसता काठीला हात लावून हवेत बसतात यावर त्यांचा विश्वास होता. त्यामागची युक्ती ओळखली ती मी, नऊ वर्षांची असताना. मी काही ओळखलं नव्हतं. तुम्ही दाखवलं होतंत. आणि नऊ वर्षांची होते की दहा, हेही मला खात्रीने सांगता येत नाही.

महाराज आले त्या आठवड्यात सायखेड्याच्या मळ्यातला आपला झेंडू सगळा त्यांच्या मंडपातच जात होता. दर्शनाआधी पडदा लावलेला असायचा आणि पडद्याआड फक्त फुलवाल्याला सोडायचे. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला आत नेलंत, कारण काठीभोवती माळ गुंडाळताना दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं होतं. महाराज भगव्या कफनीत आधीच बसलेले आहेत, जमिनीपासून हातभर वर. एरवी तुम्ही सैल ओवायचात. ही माळ मात्र फुलाला फूल चिकटलेली, मधून काही दिसू नये अशी. मी काठी धरते तर ती थंडगार, आणि वर जाऊन बाहीच्या आत वळलेली. तुम्ही माझा हात उचलून त्या वळणावर ठेवता. "लोखंड हाय. कळलं?" मी विचारते, "मग हे उडत नाहीत?" तेवढ्यात वरून महाराजच हळू आवाजात म्हणतात, "अण्णा, कोपरापाशी जरा विरळ वाटतंय." तुम्ही "व्हय महाराज" म्हणता आणि तिथे आणखी एक वेढा देता.

परतताना मोपेडवर मी तुमच्या पाठीमागे रडत होते. घरी गेल्यावर आईला सगळं सांगणार, म्हणाले. तुम्ही गाडी बांधावर थांबवलीत. "सांग की. पण आधी तिच्या हातची भाकर खाऊन घे." माझ्या पाठचं बाळ गेल्यापासून आई चुलीकडे फिरकली नव्हती. पहिल्या दिवशी शेजारणींनी तिला जवळजवळ उचलून दर्शनाला नेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पीठ मळत होती. "बाई, तो वर बसंना का खाली. तुझी आई अंथरुणातनं उठली, ते मी डोळ्यांनी बघितलं." मी भाकरी खाल्ली आणि गप्प बसले. पुढे तुम्ही वारलात, त्यानंतरही गप्पच होते.

कार्यक्रमासाठी मी पुष्कळ वाचलं. प्रार्थना करता करता जमिनीवरून उचलले गेलेले ख्रिस्ती संत, हिमालयापलीकडचे लामा, विलायतेतल्या अंधाऱ्या दिवाणखान्यात तरंगणारी माणसं, मांडी घालून उड्या मारणारे आणि त्यालाच उडणं म्हणणारे साधक. सगळे खोटेच होते असं मी म्हणणार नाही, मी तिथे नव्हते. पण आता असं काही वाचलं की वर बसलेल्याकडे माझं लक्ष जात नाही. आधी येऊन सतरंजी अंथरून गेलेला, दिवा बारीक करून गेलेला माणूस मी शोधते. त्याच्याबद्दल कोणी काही लिहून ठेवलेलं नसतं. त्याच्या घरी कोण आजारी होतं, तेही नाही.

आई पहिल्या रांगेत बसली होती, अण्णा. मुलांना मी लोखंडी नळीचं चित्र काढून दाखवलं तेव्हा ती पुढे वाकून बघत होती. मला वाटलं चिडेल. घरी परतताना द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षा अडकली तेव्हा म्हणाली, "तरी म्हटलं काठी कशाला लागती त्यांना." मग हसली. "मी एकटीच येडी नव्हते गं. तुझा बापपण माझ्याबरोबर फसला. लय भोळा माणूस." असं म्हणून माझ्या मांडीवर थोपटत राहिली. ते ऐकल्यापासून मला नीट जेवण जात नाही. खरं सांगितलं तर तुम्ही भोळे ठरत नाही, पण मग ती एकटी पडते. नाही सांगितलं तर शिकलेल्या मुलीने बापाला सगळ्यांसमोर अडाणी केलं, ते तसंच राहतं.

ती अजून दर गुरुवारी महाराजांच्या फोटोला हार करते. आता कशाला, विचारलं तर म्हणते, "हाताला सवय हाय." तुमच्या फोटोला त्याच दोऱ्यातला उरलेला छोटा हार असतो.

शाळेत दुरुस्ती नंतर करीन. आधी तिला सांगायला हवं: तुम्हाला माहीत होतं, आणि तिच्यासाठी तुम्ही माळ इतकी दाट ओवलीत. तिला राग आला तर येऊ दे. एक गोष्ट मात्र तुम्हालाच सांगते. त्या दिवशी "मी ओळखलं" हे तोंडातून चुकून निघालं. पण टाळ्या वाजल्या तेव्हा ते दुरुस्त करायला वेळ होता, आणि मला त्या टाळ्या आवडल्या.

येत्या गुरुवारी सकाळी, ती सुईत दोरा ओवायला माझ्याकडे देईल तेव्हा तिला सांगीन.