बाराच्या आकड्यावरचं मूळ

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचताना तुझ्या छातीत धस्स व्हायला नको, म्हणून शेवटची गोष्ट आधी लिहितो. बाबा बरे आहेत. परवा सकाळी अंगणात पडले. गुडघा सोलला, उजवं मनगट मुरगळलं, हाडं मात्र शाबूत आहेत. कसे पडलात विचारलं, तर म्हणाले, तुतीचा बुडखा आडवा आला. जणू बुडखाच सकाळचा फिरायला निघाला होता!

दोन वर्षांपूर्वी फांदी कौलांवर पडली तेव्हा मी झाड तोडून घेतलं आणि बुडखा काढायचं काम पुढच्या रविवारावर टाकलं. तेव्हापासून असे शंभर रविवार गेले. गंमत म्हणजे बाबांची बैठक तीच. उठले की आधी त्याच्यावर जाऊन टेकायचं, मग नळावर तोंड धुवायचं, मग फाटकातून पेपर आणायचा. पेपर मात्र हल्ली तुझ्या भावजयीकडून वाचून घेतात. तिचा आवाज गोड आहे म्हणतात. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर तिला हे पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं, त्यामुळे स्वारी खूश आहे.

बुडखा काढू का म्हणून विचारलं, तर बाबा धड हो म्हणत नाहीत की नाही म्हणत नाहीत. तुझा शब्द ते मोडत नाहीत, तेव्हा तूच काय ते सांग.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा,
ठोंब्या


९ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

अरे, विचारतोस काय? काढ! माझ्या वॉर्डात आज सहा म्हातारी माणसं मांडीचं हाड मोडून पडली आहेत आणि प्रत्येकाच्या घरी 'पुढच्या रविवारी' म्हणणारा एक ठोंब्या आहे. इतकी वर्षं नर्सचं काम करते आहे, या वयात पडलेली माणसं पुन्हा चालताना फार थोडी पाहिली. बाबांना विचारत बसू नकोस. हा माझा हुकूम आहे, असं मी त्यांना वेगळं लिहिते आहे.

त्यांचं मागचं पत्र आलं होतं, त्यात सगळ्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. जन्मभर मोहरीएवढे स्क्रू फिरवणाऱ्या माणसाचं हे अक्षर! मी उलट टपाली चिडवलं, की घड्याळजींना एवढी कसली घाई झाली होती? अजून उत्तर नाही. रुसले असतील.

मे महिन्यात रजा घेऊन येते. अंगण सपाट दिसलं पाहिजे, नाहीतर तुझी धडगत नाही.

रागावले तरी माया आटलेली नाही, हे लक्षात असू दे.
ताई


२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हुकमाची तामिली झाली. एवढासा दिसणारा बुडखा, पण त्याने तीन दिवस आम्हाला घाम फोडला. शेजारचे ड्रायव्हरकाका मदतीला आले म्हणून निभावलं. पहिल्या दिवशी भोवताली कमरेएवढा खड्डा खणला. दुसऱ्या दिवशी मुळं मोकळी करून कुऱ्हाडीने एकेक तोडली; मातीने दोनदा धार गेली. तिसऱ्या दिवशी काकांनी खाली ट्रकचा जॅक लावला, मी पहारीने रेटलं, तेव्हा कुठे महाराज करकरत वर आले. माझ्या हातांना फोड आले आहेत, आणि छापखान्यात सगळे मला पहिलवान म्हणून हाक मारतात.

बाबा तिन्ही दिवस पायरीवर बसून होते. मूळ तुटलं की विचारायचे, कुठल्या बाजूचं? मी सांगायचो, नळाकडचं, किंवा फाटकाकडचं. ते नुसती मान हलवायचे. शेवटी पायरीच्या रोखाचं एकच उरलं, तेव्हा म्हणाले, एवढं राहू दे ना. मला हसू आलं. म्हटलं, हत्ती गेला, आता शेपूट ठेवून काय करायचंय? बाबाही हसले. मग तेही तोडलं.

अंगण आता कॅरमच्या बोर्डासारखं झालं आहे. फक्त बाबा तीन दिवसांत खाली उतरलेले नाहीत. हवा गार आहे म्हणतात. तू आलीस की उतरतील.

माझ्या कष्टांची आठवण ठेवून लोभ थोडा वाढव.
तुझा,
ठोंब्या


८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कसं लिहावं ते सुचत नाही. काल सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर बाबा अंगणाच्या मधोमध उभे होते. कमरेत वाकून, एक हात गुडघ्याच्या उंचीवर पुढे धरून काहीतरी चाचपत होते. दोन पावलं इकडे टाकली, दोन तिकडे. मग घराकडे पाठ करून कुंपणाच्या दिशेने चालू लागले, थांबले, आणि अगदी हळू आवाजात मला हाक मारली. मी धावत बाहेर गेलो आणि म्हटलं, बाबा, पायरी मागे आहे. ते वळले, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडेच राहिली.

ताई, बाबांना दिसत नाही. दुपारीच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू आहे. डावा डोळा गेला आहे, उजव्याला उजेड आणि कडा तेवढ्या कळतात. वर्षभरापूर्वी आणलं असतं तर पुष्कळ वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मी ते वर्षभर त्यांच्यासमोर बसून जेवत होतो. पेपर वाचून घेतात म्हणून तुला गंमत लिहीत होतो.

बुडखा कुंपणाशी उलटा पडला आहे. पुन्हा जागेवर बसवता येईल का, असं मी ड्रायव्हरकाकांना विचारलं. त्यांनी नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

हवं तेवढं रागाव, पण पत्र पाठव.
तुझा भाऊ


२० मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

ओळीखाली पट्टी धरून लिहितो आहे, म्हणजे या खेपेला ओळी भांडणार नाहीत. तुझं पत्र सूनबाईने वाचून दाखवलं. मध्ये दोनदा थांबली. वाकड्या ओळी पाहूनच नर्सला कळायला हवं होतं, असं तू लिहितेस. ठोंब्या म्हणतो, चूक त्याची. लहानपणी खाऊवरून भांडायचात, आता चुकीवरून भांडता. ती माझी आहे, मला द्या.

मी बुडख्याला अडखळलोच नव्हतो. पायरी उतरताना पाय चुकला. पायरी दिसली नाही म्हणावं, तर डोळ्यांचं सांगावं लागलं असतं. चाळीस वर्षं भिंगाखाली केसासारख्या स्प्रिंगा बसवल्या, त्या माणसाच्या तोंडातून 'दिसत नाही' हे शब्द निघेनात. म्हणून बुडख्यावर ढकललं. मग तुम्ही तो काढायला निघालात. अडवायचं तर खरं बोलावं लागणार, म्हणून तोंड शिवून बसलो.

त्याची मुळं मला पायाने पाठ होती. घड्याळाची तबकडीच म्हण ना. बाराच्या आकड्यावरचं मूळ पायरीकडे, चारचं फाटकाकडे, नऊचं नळाकडे. त्याच्यावर जाऊन टेकलो की सगळं घर जागच्या जागी यायचं. ठोंब्या एकेक तोडत गेला, तशी माझी एकेक वाट गेली. बाराचं तेवढं मी मागितलं होतं. तो हसला, म्हणून मीही हसलो. खरं सांगायला ती एक वेळ होती, ती मी हसण्यात घालवली. याचं मला फार वाईट वाटतं.

ठोंब्या पायरीपासून फाटकापर्यंत दोरी बांधतो म्हणतो. बांधू दे, त्याला बरं वाटेल.

तू मात्र मे महिन्याची वाट पाहू नकोस. उजव्या डोळ्याला अजून माणसाची कड दिसते. तुझी दिसते आहे तोवर ये. आणि फाटक उघडल्यावर मुकाट्याने उभी राहू नकोस, तिथूनच मला रागवायला लाग. सगळा राग काढ, मध्ये थांबू नकोस. मी त्या आवाजाच्या रोखाने चालत येईन.

सदैव तुझं भलं चिंतणारे,
बाबा