दोन मापांतला फरक

प्रिय आबा,

आज शनिवार, १४ मार्च १९९२, सकाळचे सव्वानऊ. तुमच्या मेंदूच्या स्कॅनच्या दोन्ही फिल्मा खिडकीच्या काचेला लावून मी पुन्हा मोजत बसलो होतो. काल तुमचा तेरावा झाला. पानात चौथ्यांदा बुंदी घेत मामा म्हणाले, "दाजी सोंग करता करता खरंच गेले की." पंगत हसली. म्हणून लिहितो आहे.

तुम्ही कालव्याच्या चारीचे पाटकरी. रोज सकाळी पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची, हे तुमचं वीस वर्षांचं काम. मागच्या उन्हाळ्याआधी चारी आठ दिवस कोरडी होती आणि तुम्ही रोज बासष्ट सेंटिमीटर लिहिलंत. मामांचं शेत चारीच्या टोकाला. त्यांनी पाटबंधारे कार्यालयात अर्ज ठोकला, पाटकरी पैसे खाऊन खोटं पाणी लिहितो म्हणून. दर हंगामात चारी फोडून पाणी चोरणारा हा माणूस, आणि अर्ज कुणावर, तर सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यावर.

मीही विचारलं होतं ना, "किती घेतले?" तुम्ही वही डोळ्यांजवळ धरलीत. "ह्ये मीच लिवलंय का रं?" मला वाटलं, काय नट आहे हा माणूस. मामांची किळस आता अंगवळणी पडली आहे. माझ्या त्या "किती घेतले?"ची पडत नाही.

तुम्ही विसरताय म्हणून काढलेली पहिली फिल्म परभणीच्या एका डॉक्टरांनी पान चघळत उजेडात धरली. "वयानुसार हाय." छप्पन्न हे कसलं वय? मामांना तेवढं पुरलं. "बघा, मशीन बी म्हणायलंय, काय न्हाई."

पुढे तुम्ही घराची वाट चुकायला लागलात, तेव्हा औरंगाबादला दुसरी काढली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फिल्मा शेजारी लावल्या, वर पट्टी ठेवली. मेंदूत पाण्याच्या पोकळ्या असतात. वर्षभरात तुमच्या पोकळ्या रुंदावल्या होत्या, मेंदू आक्रसला होता. "नुसत्या मापावरून मी नाव देत नाही," त्या म्हणाल्या. "पण यांचं विसरणं, बाकीच्या तपासण्या आणि हे माप एकत्र धरलं, तर अल्झायमरच वाटतो."

मला लगेच समजलं. तुम्हीच शिकवलं होतं, "एका मापानं काय बी कळत न्हाई. काल किती, आज किती, त्यातला फरक बघ." तुम्ही बाहेर बाकावरच बसला होतात. आत बोलावून का नाही दाखवलं मी?

कार्यालयाच्या कागदात अजून "लाच घेऊन खोटी नोंद" असं आहे. सोमवारी फिल्मा आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेलं पत्र घेऊन जाईन. ते वाक्य खोडल्याशिवाय उठणार नाही. मामांना मात्र फिल्म दाखवणार नाही. ज्याला घरचा आजारी माणूस दिसला नाही, त्याला काळ्या कागदावर काय दिसणार?

तुमच्या वहीत पुढच्या कोऱ्या ओळीवर दोन्ही मापं मांडली आहेत, पुढे फरक. शेऱ्यात लिहिलं आहे: "आजारी होते. पैसे घेतले नाहीत."

दोनदा मोजलं आहे, आबा.

तुमचा,
दत्ता