डोक्यावर दार घेतलेली बाई

आई, दार डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या त्या बाईची चित्रं काढणारा माणूस मला भेटला. तू जाऊनही आता बरीच वर्षं झाली, तरी सांगते.

नरपडच्या वाडीत तू चिकू भरायचीस. पेटीच्या तळाला घालायला रद्दीचे गठ्ठे यायचे, आणि एका वर्षी त्यांत बंद पडलेल्या कुठल्याशा छोट्या प्रकाशकाची न खपलेली कॉमिक्स आली होती. तुला अक्षरओळख नव्हती, पण चित्र आवडलं की ते पान तू घडी घालून कमरेला खोचून आणायचीस. एकदा मुकादमानं पकडलं. "कागद पेटीत घालायला आणलाय, तुझ्या पोरीला नाय," असं सगळ्या बायकांसमोर बोलला. दुसऱ्या दिवशी तू दुप्पट पानं आणलीस. चुलीपुढे तू भाकरी थापते आहेस आणि मी पानं जुळवून तुला वाचून दाखवते आहे. धरणात घर गेलेली एक बाई. घराचं दार तेवढं वाचवून ती डोक्यावर घेते आणि ते लावायला जागा शोधत गावोगाव फिरते. तू पिठाचं बोट चित्रावर टेकवतेस. "मानेची शीर बग तिची. ही काढणाऱ्यानं ओझा उचललेला हाय." आपल्या घराला तेव्हा दार नव्हतं, नुसती झावळ्यांची झाप होती, आणि वारा सुटला की ती पडायची.

आता तलासरीत नोकरी करून उरलेल्या वेळात मी अशाच, कुणाला ठाऊक नसलेल्या कॉमिक्सबद्दल फोनवर लिहिते. वाचणारे पन्नासेक असतील. मोठ्या प्रकाशकांच्या गुळगुळीत कागदावरचे ते पैलवान आख्खा ट्रक उचलून फेकतात आणि मानेवर एक शीर दिसेल तर शपथ! अच्छाडच्या नाक्यावर टायर बदलणारा ड्रायव्हर त्यांच्यापेक्षा जास्त जोर लावतो. उलट कुणी पदरमोड करून छापलेल्या, शाई फुटलेल्या, रंग रेषेबाहेर गेलेल्या पुस्तकात एखादा हात असा सापडतो की कळतं, काढणाऱ्याला काम माहीत आहे. छोटी पुस्तकं सगळीच चांगली नसतात म्हणा. कित्येक नुसती रडकी असतात, आणि नाचता येईना त्याला अंगण वाकडं, तसं चित्र येईना तो त्यालाच शैली म्हणतो. चांगली असतात ती दोन-तीन अंकांत मरतात. माझ्या लिहिण्यानं त्यांतलं एकही तगलेलं नाही. लोक म्हणतात, तुमची नजर वेगळी आहे. नजर तुझी आहे, आणि हे मी कधी कुठे लिहिलं नाही.

आपल्याकडच्या शेवटच्या पानावर बाई नदीकाठी उभी होती आणि खाली 'पुढील अंकी' छापलं होतं. तो अंक गठ्ठ्यात नव्हताच. तू मात्र विचारत राहिलीस. डहाणूच्या दवाखान्यात, बोलताना धाप लागत होती तेव्हाही, "त्या बाईनं दार कुठं लावला गं?"

मी म्हटलं, "मिळाला तो अंक. लावलं तिनं. वरोरसारखं गाव आहे, समुद्राकडे तोंड करून लावलं."

"कडी आतून लागते ना?"

"लागते."

तू कुशीवर वळलीस आणि तुला झोप लागली.

गेल्या महिन्यात मुंबईत छोट्या कॉमिक्सवाल्यांचा बाजार भरला होता. त्या बाईची चित्रं काढणारा, आता म्हातारा झालेला, कोपऱ्यातल्या टेबलामागे बसला होता आणि त्याच्यापुढे कुणी थांबत नव्हतं. मी विचारलं, त्या बाईचं पुढे काय झालं? तो हसला. म्हणाला, "पुढचा अंक मी काढलाच नाही. प्रकाशक बुडाला. आणि खरं सांगू, तिला जागा मिळणारच नव्हती. दार नदीत सोडून ती मजुरीला जाणार होती. पण कुणी कधी विचारलंच नाही, मग कशाला काढायचं?"

एक बाई मरेपर्यंत विचारत होती, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं असतं, तर तिला मी काय उत्तर दिलं तेही सांगावं लागलं असतं. मी त्याचं एक जुनं पुस्तक घेतलं आणि निघून आले. त्यानं चित्रं काढणं केव्हाच सोडलं आहे.

तेव्हा आई, कडी आतून लागत नाही. दार कुठे लागलंच नाही. हे लिहिलं खरं, पण तुला वाचून दाखवणारी मीच होते, आणि हे मला तुझ्यापुढे मोठ्यानं वाचवत नाही.