धुक्यातून पुसलेली माणसं

३ डिसेंबर
आले एकदाची! विमानतळ एवढासाच, पण कामाची खोली मनासारखी मिळाली. मोठी खिडकी, दोन पडदे आणि चक्क न डुगडुगणारी खुर्ची. विमानाच्या नाकाशी बसवलेला कॅमेरा उष्णता टिपतो. दाट धुक्यातही वैमानिकाला पडद्यावर धावपट्टी स्वच्छ दिसते. उबदार ते पांढरं, गार ते काळं. ते चित्र तपासणं माझं काम. मेकॅनिक मामा म्हणाले, तुमच्या आधीचा अडीच महिने टिकला. मी हसले. ते हसले नाहीत.

६ डिसेंबर
मी जेवायला बसले की टेबल रिकामं होतं. साहेबांनी सगळ्यांदेखत सुनावलं, की अकरा तारखेला कॅमेऱ्याच्या मंजुरीची पाहणी आहे, नको तिथे डोकं चालवू नका.
सकाळी कॅप्टन धुक्यात उतरत असताना माझ्या पडद्यावर धावपट्टीच्या टोकाला सात माणसं दिसली. जमिनीपेक्षाही काळी. मी ओरडेपर्यंत विमान त्यांच्यातून आरपार गेलं. धुकं विरल्यावर धावत जाऊन पाहिलं. तिथे चिटपाखरू नव्हतं.

७ डिसेंबर
मामांना खोदून विचारलं. तीन वर्षांपूर्वी असंच धुकं असताना विमान उतरलं, आणि धावपट्टी दुरुस्त करणारे सात मजूर चिरडले गेले. म्हणून तर हा कॅमेरा आला.
साहेबांनी बोलावून घेतलं. "माणसं नाहीत ती. पुसून टाका." उद्या खरंच कुणी उभं असलं तर, असं मी विचारलं. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं.
पुसली. जमिनीहून गार अशी उभी आकृती आता वैमानिकाच्या पडद्यावर उमटणार नाही. मूळ चित्र फक्त माझ्याकडे.

८ डिसेंबर
आज ती विमानाकडे बघत नव्हती. सातही जण वळलेले. माझ्या खिडकीकडे.

१० डिसेंबर
निम्मं अंतर चालून आलीत. साहेबांना सांगितलं. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, बाईंचं डोकं फिरलंय. मामाही मान खाली घालून गेले.

११ डिसेंबर
पाहणीचा दिवस. साहेबांनी धावपट्टीच्या टोकाचा दिवा बघायला पाठवलं. स्वतःचा ओला रेनकोटही दिला. विमानाला तासभर आहे म्हणाले. दिवा तर चालूच आहे— धुक्यात परत जायची वाट दिसत नाही. म्हणून इथेच, वही हातावर धरून—

इंजिनाचा आवाज. इतक्यात कसा?

वॉकीटॉकीवर कॅप्टन म्हणतोय, "रनवे मोकळा आहे. उतरतोय."

मी बोलतेय ते त्याला ऐकू जात नाही. रेनकोट बर्फासारखा— गार म्हणजे काळी— मी त्याला दिसणारच नाही—

काढायला हवा. अंगाची ऊब दिसली तर— बटणं सुटत नाहीत— बटणांवर आणखी कुणाचे तरी हात