सातवी बोगी, लाल झेंडी आणि फैजपूरचं घर

मी, श्रीमती बेबाबाई मोतीलाल बऱ्हाटे, वय ६७, रेल्वेतून निवृत्त, गाडीची बाकं शिवणारी कारागीर, राहणार भुसावळ, जि. जळगाव, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे. कोणी धमकावलेलं नाही, गोड बोलून फसवलेलंही नाही. या घरात गोड बोलणारं माणूस फारसं कधी नव्हतंच. वकिलांनी टाइप केलेला मसुदा दिला होता. त्यात घरांच्या चतुःसीमा बरोबर होत्या, बाकी काही नव्हतं, म्हणून तो बाजूला ठेवला.

१. सन २०१९ मध्ये केलेलं माझं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात सगळी मिळकत मुलगा नीलेश याला दिली होती, आणि माझा दीर पितांबर याने माझ्या प्रेताला हात लावू नये, स्मशानातही येऊ नये, अशी अट घातली होती. माझा नवरा पितांबरने मारला, असं मी सदतीस वर्षं सांगत आले. भावकीत सांगितलं, लग्नांच्या पंगतीत सांगितलं, नळावर सांगितलं. ते खरं नाही. खरं काय ते कलम ४ मध्ये लिहिते, कारण फैजपूरचं सासरचं घर कोणाचं, हे त्यावरच ठरतं.

२. भुसावळचं राहतं घर नीलेशला द्यावं. हे मी माझ्या पगारातून बांधलं, त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही. दारातला लिंब मात्र तोडू नये. मोटार लावायला जागा हवी म्हणून नीलेश चार वर्षं त्या झाडाकडे बघतो आहे. बघत राहावं.

३. शिलाई मशीन, मेणाचा दोरा आणि दाभण सून मयुरी हिला. आपल्याला शिवता येत नाही आणि शिकायचंही नाही, हे तिने लग्नानंतर आठव्या दिवशी मला तोंडावर सांगितलं. खरं बोलली, म्हणून तिलाच देते. मशीन विकलं तरी चालेल, दाभण विकू नये. त्या दाभणाने मी चौदा बोग्यांची बाकं शिवली आहेत.

त्या बोग्यांचं इथेच लिहून ठेवते, दुसरं कोणी लिहिणार नाही. सकाळच्या इंटरसिटीची ही गाडी १९८७ च्या पावसाळ्यानंतर मद्रासच्या कारखान्यातून आमच्या डेपोत आली. विटकरी रंग, लाकडी बाकं, आत कोऱ्या रंगाचा वास. मोतीलाल तेव्हा डेपोत फिटर होते. पहिल्या दिवशी मला दाखवायला घेऊन गेले आणि एकेका बोगीवर असा हात फिरवला की मला राग आला. ‘ही माझी सवत,’ मी म्हटलं. ते गेल्यावर त्यांच्या जागी मला नोकरी मिळाली आणि हातात दाभण आलं. सवतीची सेवा एकोणतीस वर्षं केली. लाकडी बाकांवर हिरवं रेक्झिन चढवलं. मग बाहेरचा रंग निळा झाला, तसं आतही निळं चढवलं. कॉलेजातली पोरं ब्लेडने फाडायची, मी शिवायची. केळीच्या घडांचा चीक, पानाच्या पिचकाऱ्या, कोणाकोणाचं बाळंतपण, सगळं त्या बाकांनी सोसलं. शेवटी २०१७ मध्ये पाच बोग्या भंगारात गेल्या. आठ बोग्यांच्या खिडक्या पत्रा ठोकून बंद केल्या आणि त्यांतून नव्या मोटारी न्यायला लागले. आतली बाकं उपटायला मलाच बोलावलं. एक बाक घरी न्यायला मागितलं, तर साहेब म्हणाले, बाई, सरकारी मालमत्ता आहे. दुसऱ्या दिवशी ती बाकं उघड्यावर पावसात पडली होती. उरली एक, सातवी. तिचं पुढे येतं.

४. आता कबुली. माणूस गाडीखाली कामाला गेला की गाडीच्या टोकाला रुळात लाल झेंडी रोवायची, आणि ज्याने रोवली त्यानेच काढायची, हा नियम. झेंडी आहे तोवर इंजिन लागत नाही. पण मोतीलालच्या टोळीने आपली एक सवय पाडून घेतली होती. खाली जाणारा आपला जेवणाचा डबा झेंडीच्या दांडीला अडकवायचा. डबा दिसला तर माणूस खाली आहे. डबा नसला तर तो जेवायला गेला, झेंडी काढायला हरकत नाही. लिहिलेलं कुठे नव्हतं, पण सगळे पाळायचे. मोतीलाल आणि पितांबर दोघे भाऊ एकाच टोळीत होते.

८ फेब्रुवारी १९८८ ला मला रावेरला माहेरी न्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. मला पाचवा महिना होता. पिशवी भरून मी दिवसभर ओट्यावर बसले. नव्या गाडीचं काम निघालं म्हणून हे आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली नाही. ‘त्या सवतीकडेच जेवा,’ म्हटलं. ते हसले, चपला घातल्या आणि रिकाम्या हाताने गेले.

दुपारी एक वाजता पितांबर दुसऱ्या लाइनवरून आला. दांडीला डबा नव्हता. भाऊ जेवायला गेला असं समजून त्याने झेंडी काढली. इंजिन येऊन गाडीला लागलं. मोतीलाल सातव्या बोगीखाली होते.

चौकशीत पितांबरला विचारलं, झेंडी का काढलीस? तो म्हणाला, ‘चूक झाली.’ डब्याचं नावही काढलं नाही. त्याचा हुद्दा उतरवला, त्याला धुळ्याला धाडलं. सासूबाईंनी फैजपूरच्या घरातला त्याचा वाटा काढून सगळं घर माझ्या नावावर केलं. मी सही केली. डबा घरात फळीवर पालथा होता, आणि मी तो रोज बघत होते.

५. गेल्या दिवाळीनंतर नीलेश मला जेवायला नेतो म्हणून घेऊन गेला. एका स्टेशनाबाहेर जुनी बोगी उभी करून तिचं हॉटेल केलं आहे. आत पितांबर बसला होता, शेजारी त्याची मुलगी कामिनी. दोन्ही पोरांनी मिळून केलेला कट. मी उठणारच होते, पण आधारासाठी बाकाखाली हात गेला. शेवटच्या टाक्याला मी तिरपी गाठ मारत असे. ती तिथे होती, आणि बाकाच्या पट्टीवर मीच दाभणाने कोरलेला सात होता.

“सातवी आहे,” मी म्हटलं.

पितांबर माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण पार वाकला आहे. त्याने बाकावर हात ठेवला. तेव्हा मीच विचारलं, “चौकशीत का बोलला नाहीस? दांडीला डबा नव्हता, हे तुला माहीत होतं.”

“वैनी, तुह्या पोटात पोर व्हतं. मायनं तुले घरात ठेवलं असतं का मंग?”

“आणि मी इतकी वर्षं तुला शिव्या घातल्या, त्या?”

“त्याची सवय झाली व्हती. जेव आता, भरीत थंड व्हऊन राह्यलं.”

मी जेवले नाही. मला त्याचा भयंकर राग आला आणि अजून आहे. त्याने तेव्हाच ओरडून सांगितलं असतं, तर सासूने मला हाकललं असतं, मी रडले असते आणि मोकळी झाले असते. गप्प राहून त्याने असा उपकार करून ठेवला की तो कबूल करायचा नसेल तर त्याचा द्वेषच करावा लागे. तो मी मन लावून केला. त्याच्या कामिनीच्या लग्नालाही मी कोणाला जाऊ दिलं नाही.

म्हणून फैजपूरचं घर, सिटी सर्व्हेच्या उताऱ्याप्रमाणे, संपूर्ण पितांबरला देते. अर्धं त्याचं होतंच, अर्धं सदतीस वर्षांचं भाडं समजावं. ‘मले घर नोको,’ असं तो म्हणाला आहे. त्याला मी विचारलेलं नाही. नीलेश, तू त्या घरात जन्मलास हे मला माहीत आहे. कोर्टात जाऊ नकोस.

६. कलम ४ ची नक्कल डेपोच्या कार्यालयात द्यावी. तिथे ती कुठे तरी टाकून देतील. तरी पोच घ्यावी आणि ती पोच पितांबरच्या हातात द्यावी.

७. जुन्या मृत्युपत्रातली अट उलटी करते. पितांबर आल्याशिवाय मला उचलू नये. धुळ्याहून यायला वेळ लागेल, तेवढं थांबावं.

मोतीलालचा पितळी डबा पितांबरला द्यावा. रिकामा देऊ नये. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा भरून द्यावा. दिवाळीपासून दोनदा मी तो भरला आणि धुळ्याच्या एसटीत बसले. दोन्ही वेळा त्याच्या दारापर्यंत गेले आणि तसाच परत आणला. माझ्याने होत नाही. माणूस गेलेल्या घरी चूल पेटवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. भावकीतल्या बाया बोलतील, त्यांना बोलू द्यावं. मयुरी, माझं प्रेत घरात असलं तरी त्या दिवशी तू चूल पेटव.

वर लिहिलेलं मी स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: बेबाबाई मोतीलाल बऱ्हाटे

साक्षीदार:
१. रुपचंद दगडू भारंबे, निवृत्त फिटर, मोतीलाल यांच्या टोळीतले. सही.
२. डॉ. हितेंद्र प्रल्हाद फिरके, भुसावळ. सही.

ठिकाण: भुसावळ
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६