दांडीच्या ग्लासातलं दूध

डोंबिवली (पूर्व),
१५ सप्टेंबर २०२५

चि. आसावरीस,
अ. उ. आ. वि. वि.

फोन कानाला लावला की मला आत भुंगा फिरल्यासारखं ऐकू येतं, म्हणून हे पत्र. तुझ्या दादाचं म्हणणं, ठाणं काय लांब आहे, माजिवड्याला जाऊनच बोल की नणंदेशी. पण यांचा गुडघा आणि माझी चक्कर यांचं एकमत होऊन घराबाहेर पडायला एक दिवस सापडत नाही.

रविवारी आमचा मुकुल औषधं घेऊन आला होता. एकटाच. ऑक्टोबरमध्ये तुम्ही सगळे बोटीने गोव्याला जाऊन येणार, तुझी पासष्टी बोटीवर होणार, असं त्याने सांगितलं. आनंद वाटला. पण मी तारखा पाहिल्या तर सहा ऑक्टोबरला कोजागिरी. त्याने कॅलेंडर पाहिलं नव्हतं, स्वस्त दर पाहिला होता. दुसरं म्हणजे, अशा बोटींवर म्हणे मजल्या-मजल्यावर बार असतात. त्याच्या सोळा वर्षांच्या क्षिप्राला तिथे येऊ देतात का? मुकुलला विचारलं तर तो हसला आणि चहा मागितला. तू नीट चौकशी करून कळव.

क्षिप्रा आली नाही. गणपतीपासून ती इकडे फिरकलेली नाही. तू होतीसच त्या दिवशी. मुकुलचा फोन हातोहात फिरत माझ्याकडे आला, त्यात हिचा फोटो. कुठल्याशा हॉटेलच्या गच्चीवर मैत्रिणीचा वाढदिवस, मागे बाटल्यांची भिंत, आणि हिच्या हातात दांडीचा ग्लास. काय आहे विचारलं तर म्हणाली संत्र्याचं सरबत. मी म्हटलं, मग गणपतीच्या पाटावर हात ठेवून सांग. तिने ठेवला, सांगितलं, आणि मोदक न घेता उठून गेली. घरात वीस माणसं होती हे खरं. पण आजीने विचारायचं नाही तर कोणी विचारायचं?

ते असो. कोजागिरीला घरच्या थोरल्या अपत्याला चंद्रासमोर ओवाळायचं, ही आपल्याकडची रीत. आपल्या सुनेच्या, विनिताच्या, माहेरी ती नाही, म्हणून पहिल्या वर्षापासून क्षिप्राला मीच ओवाळते. मुकुलने मिसरूड फुटल्यावर स्वतःचं ओवाळणं बंद पाडलं, पण हिने कधी नाही म्हटलं नाही. या वर्षी माझ्या वतीने तू ओवाळ. ताम्हण, निरांजन, सुपारी, माझी अंगठी आणि दुधाचा मसाला मुकुलबरोबर पाठवते.

तुझे दादा आशीर्वाद सांगतात. ठाण्याचा धूर फार खाऊ नकोस, इकडे कारखान्यांचा वास आम्ही तुझ्या वाटणीचाही घेत आहोत. माया आहेच, उत्तर मात्र वेळेवर पाठव.

तुझी,
सरोजवहिनी

*

माजिवडा, ठाणे,
२१ सप्टेंबर २०२५

ती. सौ. वहिनींना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पाचव्या दिवशी मिळालं. ते डोंबिवलीहून ठाण्याला कुठल्या मार्गाने आलं असेल याचा मी बराच विचार केला.

चौकशी केली. बोटीच्या कार्यालयातली मुलगी तीन भाषांत बोलली आणि तिन्ही भाषांत नम्र होती. बार एक नाही, पाच-सहा आहेत. जुगाराच्या टेबलांपाशी लहानांना अजिबात जाता येत नाही. गाणंबजावणं चालतं त्या मोठ्या लाउंजमध्ये घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर रात्री नऊपर्यंत बसता येतं, पण कोचावर. बारच्या काउंटरच्या उंच स्टुलावर नाही. सर्वांत वर, बोटीच्या नाकाशी, काचेचं एक लाउंज आहे. तिथे अठराच्या आतल्यांना फक्त संध्याकाळी सातपर्यंत. मुलांच्या मनगटावर वेगळ्या रंगाची पट्टी बांधतात, त्यामुळे वय लपवायची सोय नाही. आणि दारू तर कुठेच मिळत नाही, आईबापांनी परवानगी दिली तरी. याखेरीज तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी एक खास खोली आहे. तिथे मोठ्यांना मज्जाव. म्हणजे आपल्या नातीला बारमध्ये जाता येतं, पण तुम्हा-आम्हाला तिच्या खोलीत नाही.

हे लिहिताना आमच्या कॉन्व्हेंट शाळेतला मेळावा आठवला. मी दहावीत होते, तुम्ही आमच्याकडे येऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. नाताळच्या आधी मदर मंडळी हॉलमध्ये केक, खेळ आणि छोट्या ग्लासांतून लाल वाइन ठेवायची. नावाचीच वाइन. साखर, बीट आणि आलं. दादा मला न्यायला आला तो सायकल धरून फाटकाबाहेरच उभा राहिला. आत वाइन आहे म्हटल्यावर तो फाटकाच्या आत पाऊल टाकेना. येताना रस्ताभर एक शब्द बोलला नाही, पण विचारलंही काही नाही. आणि घरी दार तुम्ही उघडलंत. माझे ओठ लालभडक झालेले. आई देवघरात होती. तुम्ही पदराचं टोक ओलं करून माझं तोंड पुसलंत आणि म्हणालात, पानं घेतली आहेत, चल.

त्या मेळाव्यातली गाणी मला अजून येतात. मदर पियानोवर बसायच्या तेव्हा त्यांचे बूट पेडलवर करकरायचे. तो आवाज पुन्हा कुठे ऐकला नाही.

क्षिप्राला मी कोजागिरीचं सांगितलं. ती म्हणाली, तिला बोटीवर यायचं आहे, समुद्र बघायचा आहे, पण ज्यांना तिचं बोलणं खरं वाटत नाही त्यांच्या तर्फेचं औक्षण तिला नको. मी आग्रह केला नाही. सामान मात्र पाठवा. मी बरोबर नेईन.

दादाला नमस्कार. तुमची सावली आमच्यावर आहे तशीच राहू द्या.

आपली,
आसावरी

*

डोंबिवली (पूर्व),
२८ सप्टेंबर २०२५

चि. आसावरीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. मुलांच्या खोलीत म्हाताऱ्यांना मज्जाव हे वाचून तुझे दादा म्हणाले, ही बोट सुशिक्षित दिसते. सायकलीच्या गोष्टीवर मात्र त्यांचं म्हणणं असं, की ते फाटकाबाहेर राहिले ते वाइनमुळे नव्हे, सायकलला कुलूप नव्हतं म्हणून. पन्नास वर्षांनी हा खुलासा.

पदराचं मला आठवत नाही. पुसलं असेल. सासूबाई देवघरात होत्या म्हणतेस, म्हणजे दुसरं काय करणार होते.

क्षिप्रा जे म्हणाली ते वाचलं. दोनदा वाचलं. पोर बोलायला कोणावर गेली आहे, हे विचारायची सोय नाही, सगळे माझ्याकडेच बघतात. नको म्हणाली तर राहू दे, जबरदस्ती करू नकोस. पण सामान पिशवीत असू दे. मसाल्यात जायफळ कमी घातलं आहे, तिला जास्त चालत नाही. निरांजन जुन्या जरीच्या तुकड्यात बांधलं आहे, फुलवाती डबीत आहेत.

यंदा घटापुढे बसले तर हात जोडताना सारखा तो गणपतीचा पाट डोळ्यांपुढे येत होता. झोप नीट झाली नसेल.

बोटीवर थंडी असते का? तिला शाल दे. मी दिली म्हणू नकोस. तू सुखाने जा, सुखाने ये, आणि या वहिनीला विसरायचं तर गोव्याहून काजू घेतल्यावर विसर.

तुझी,
सरोजवहिनी

*

माजिवडा, ठाणे,
९ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. वहिनींना,
सा. न. वि. वि.

आम्ही काल परतलो. हे पत्र टपालाने येणार नाही. ते का, हे पुढे लिहिते.

बोटीवर चढताना तपासणी झाली. ताम्हण पाहून तिथल्या बाईंनी नमस्कार केला, निरांजन पाहून काडेपेटी काढून घेतली. बोटीवर ज्योत चालत नाही. बाकी सामान माझ्याकडे राहिलं. मला वाटलं, चला, क्षिप्राला नको आहे, समुद्रालाही नको आहे, प्रश्न मिटला.

कोजागिरीला आम्ही दिवसभर समुद्रात होतो. पाचच्या सुमाराला क्षिप्रा माझ्याकडे आली आणि म्हणाली, वरच्या काचेच्या लाउंजमध्ये सातपर्यंत जाता येतं, मोठं कोणी बरोबर लागतं, तर आत्याआजी, तू चल. मुकुल-विनिता जादूचे प्रयोग बघायला गेले होते. मी पिशवी खांद्याला लावून निघाले. दारातल्या मुलाने तिची हिरवी पट्टी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि काउंटरजवळ बसू नका म्हणाला. आम्ही काचेशी बसलो. बारमध्ये जायचं म्हणून मी पन्नास वर्षांपूर्वीसारखी छाती धडधडू दिली, पण तिथे दोन आजोबा पेपर वाचत होते आणि एक बाई मोजे विणत होती.

किनाऱ्याच्या बाजूला ढगांची जाड पट्टी होती. चंद्र त्यामागे कधीच उगवला होता, दिसत नव्हता. मी बारवाल्याला मसाल्याची पुडी दिली आणि दूध गरम करून त्यात घालता येईल का विचारलं. त्याने मान डोलावली. दहा मिनिटांनी दूध आलं ते दांडीच्या दोन ग्लासांत, वर केशराची एकेक काडी.

क्षिप्रा ग्लासाकडे बघत राहिली. मग म्हणाली, याचा फोटो आजीला पाठवू नकोस, ती तुला पाटावर हात ठेवायला लावेल.

मी हसले, तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. ती म्हणाली की हात ठेवायला तिला काही नव्हतं, ती खरंच बोलत होती. पण आजीने आधी ऐकलं आणि मग गणपतीला विचारलं, ते तिला लागलं. मी तिला लाल वाइनची गोष्ट सांगितली. दादाची सायकल, देवघरातली आई, तुमचा ओला पदर. मग तिने विचारलं, तेव्हा आजी केवढी होती. मी म्हटलं, तेवीस-चोवीस. तिने विचारलं, आजीला माहीत होतं का की ती खरी वाइन नाही. मी म्हटलं, नव्हतं. मी कधी सांगितलंच नाही, तिने कधी विचारलंच नाही.

तिने दूध संपवलं, जायफळ बरोबर आहे म्हणाली. मी न विचारता ताम्हण बाहेर काढलं, तिने नको म्हटलं नाही. कुंकू लावलं. मी सुपारी उचलली तर तिने माझा हात धरला. आजी आधी अंगठी फिरवते, मग सुपारी, असं म्हणाली. मी अंगठी उचलली. तेवढ्यात तो दारातला मुलगा आला. सात वाजले होते. ताईंना बाहेर जावं लागेल, तुम्ही बसू शकता, असं त्याने फार संकोचाने सांगितलं. ढगाची कड नुकती उजळू लागली होती. मी म्हटलं, पाच मिनिटं. तो हो म्हणालाही असता, पण क्षिप्राच उठली. तिने अंगठी माझ्या हातातून घेऊन जरीच्या तुकड्यात बांधली. म्हणाली, ज्योत नाही, चंद्र नाही, आणि आजी नाही, हे औक्षण धरायचं नाही.

खाली डेकवर गेलो तेव्हा चंद्र वर आला होता. तिने तो पाहिला, पण ताम्हण काही काढू दिलं नाही.

उद्या संकष्टी. चंद्रोदयापर्यंत तुम्ही जाग्या आणि उपाशी असणार, हे तिने माझ्याकडून काढून घेतलं आहे. कॉलेज सुटल्यावर ती थेट डोंबिवलीला येईल. पत्र तिच्याच हाती देते. शाल तुमचीच हे तिने वासावरून ओळखलं, मी काही बोलले नाही.

काजू घेतले आहेत, म्हणजे विसरायला आता मोकळी आहे. पण जमेलसं दिसत नाही. दादाला नमस्कार.

आपली,
आसावरी

ता. क. आजी, मी क्षिप्रा. पत्र बंद नव्हतं, सो मी वाचलं, सॉरी. मी येतेय ते ओवाळून घ्यायला. गणपतीचं मी विसरलेली नाहीये, पण त्यावर भांडायलाही येत नाहीये. साबुदाण्याची खिचडी माझ्यासाठी पण ठेव, मी उपास धरलेला नाही तरी.

*

डोंबिवली (पूर्व),
११ ऑक्टोबर २०२५

चि. आसावरीस,
अ. उ. आ. वि. वि.

पोर काल साडेसहाला आली. पाठीवर दप्तर, एका हातात ताम्हणाची पिशवी, दुसऱ्या हातात खोकं. तुझं पत्र दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन खिचडीचं झाकण उघडलं. मी पत्र दारातच उभ्याने वाचलं. नंतर चष्मा पुसत थोडा वेळ तिथेच राहिले. तुझे दादा म्हणाले, दार लाव, डास येतात.

चंद्र उगवायला वेळ होता. ती भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊन बसली, मी फुलवाती तुपात भिजवल्या. हे गुडघा धरून बाल्कनीत उभे. समोरच्या टॉवरच्या टाकीमागून चंद्र निघाला तेव्हा यांनी बोट धक्क्याला लागल्यासारखी आरोळी दिली. मी तिला पाटावर बसवलं. कुंकू, अक्षता, अंगठी, मग सुपारी, मग निरांजन. ताम्हण जड लागतं हल्ली, तिने ते खालून धरलं.

मग तिने खोकं उघडलं. आत दांडीचे तीन ग्लास, स्टेशनजवळच्या दुकानातून घेतलेले. दूध यातच घ्यायचं म्हणाली. संकष्टीचा उपास मी त्या ग्लासाने सोडला, हे कोणाला सांगू नकोस. यांनी ग्लास उजेडात धरून फिरवला आणि मला उगाच तारुण्य आल्यासारखं वाटतंय म्हणाले.

तिने तिच्या ग्लासाला तोंड लावण्याआधी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, आजी, तुझ्या ग्लासात काय आहे? मी म्हटलं, दूध.

ती बरं म्हणाली आणि प्यायली. देवघरातले गणपती मागेच होते. तिने मला हात कुठे ठेवायला सांगितलं नाही.

रात्री राहिली. आत्ता उठली नाही अजून. ग्लास तीनच आहेत, तुझा येताना घेऊन ये, आणि आहे तसाच जीव लावून अस.

तुझी,
सरोजवहिनी