आकाशातून तिवसखोरा

बुलडाणा,
११ फेब्रुवारी

ती. आत्याला प्राचीचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? हळदीचा लेप थांबवू नकोस. मी बरी आहे. बाबांचा खोकला गेला. इकडे थंडी सरली, दुपारी पंखा लागतो.

तुझ्या गावात फोनला रेंज नाही म्हणून पत्र लिहिते, असं म्हणणार होते. ते खरं नाही. रेंज असती तरी हे मला बोलता आलं नसतं. अक्षर मोठं काढलं आहे, चष्मा लावून तूच वाच. शेजारच्या सहदेवकाकांना एवढ्यात दाखवू नकोस.

दिवाळीनंतर मी तुझ्याकडे राहिले होते. रोज सकाळी तुझ्या हातची भाकर बांधून घेऊन जंगलात जायचे. एकदा तू विचारलंस, “काय मोजून राह्यली वं?”

“झाडं.”

“कायले? त्याइले काय पाय हायेत पळून जायले?”

आपण दोघी हसलो. तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं, पण तू ताटात गरम भाकर टाकलीस आणि मी जेवत राहिले.

आमच्या संस्थेचं काम असं आहे. उपग्रह आकाशातून वर्षभर अभयारण्याचे फोटो काढतो. सागाची पानं एका वेळी झडतात, मोहाला पालवी दुसऱ्या वेळी येते. जिथं झाडांच्या जाती पुष्कळ, तिथं फोटोतले रंगही वेगवेगळ्या वेळी बदलतात. जिथं एकदोनच जाती उरल्या, तिथं सगळं एकदम सुकतं. फोटोवरून अंदाज बांधायचा आणि जागेवर जाऊन तो खरा की खोटा ते पाहायचं.

मोहबर्डीचे लोक अभयारण्याबाहेर राहायला गेले, त्याला आठ वर्षं झाली. त्यांच्या शेतांत आता उंच गवत आहे, तेंदू आहे, धावडा आहे. मी तिथं नीलगायींचा कळप पाहिला. तुमचं तिवसखोरा अजून अभयारण्यातच आहे; त्याच्याभोवती मात्र फोटोत एक पिवळं कडं दिसतं. दरवर्षी ते रुंद होत चाललंय.

आमचे अनंत सर म्हणाले, “तिवसखोरा दुसऱ्या कुणाला तपासू दे. तुला जड जाईल.” मी हट्टानं स्वतःकडे घेतला. वाटत होतं, वरून चुकीचं दिसत असेल. रोज मी ते खोटं ठरवायला जात होते, आत्या. ठरलं नाही. गावाजवळ तरोटा, घाणेरी असलं तण आणि तोडून तोडून खुजा राहिलेला साग. फक्त देवाच्या टेकडीवर, जिथं तुम्ही कुऱ्हाड नेत नाही, तिथं साऱ्या पाहणीतल्या सगळ्यात जास्त जाती सापडल्या. ते मी अहवालाच्या पहिल्याच पानावर घातलं. पण टेकडी लहान आहे.

येत्या गुरुवारी शाळेत सभा आहे. गाव हलवायची गोष्ट निघेल. ते फोटो भिंतीवर मी दाखवणार आहे. दुसऱ्या कुणी दाखवले तर तू त्याला खोटारडा म्हणशील. मला म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच कितीदा वाटलं की नकार द्यावा. पण ज्यानं तुझ्या चुलीजवळ बसून कधी घास खाल्ला नाही, अशा कुणी येऊन तुला हे सांगावं, हेही मला नको होतं.

गाव सोडायच्या संमतीवर सहीची सक्ती कुणालाही करता येत नाही. सभेत कुणी हे बोललं नाही तर मी बोलेन.

आई गेली आणि बाबांनी मला तान्हीला तुझ्या ओटीत आणून घातलं. मामाजी होते तोवर तुम्ही दोघा नवराबायकोनं, नंतर तू एकटीनं मला त्या गावात मोठं केलंस. सभा झाल्यावर मी वनखात्याच्या साहेबांच्या गाडीत बसून परत जाणार नाही. तुझ्याकडे येईन.

तू वाढवलेली,
प्राची

तिवसखोरा,
होळी झाल्यावर

प्राचीस आशीर्वाद.

त्या दिवशी सभेहून येऊन तू ओट्यावर बसली आन् मी घरातच राह्यली. तुले पाणी बी इचारलं नाही. ते माह्या मनातून जात नाही. तू खोटं बोलली असती तं भांडली असती तुह्यासंगं. खऱ्यासंगं कसं भांडू?

सहदेवनं सही केली. त्याच्या नातवाइले मोठी शाळा पाह्यजे, सुनेले दवाखाना पाह्यजे. मंग एकेक करत समद्याइनं केली. मी म्हटलं, एक म्हातारी कितीक लाकडं जाळीन, मले राहू द्या. पण गाव गेल्यावर मी बोलू कोणासंगं? काल मी बी केली.

आता तुले एक गोष्ट सांगते. आजवर कोणालेच सांगितली नाही. तू आमच्याकडं आली, त्याच महिन्यात मले पोर झाली होती. बारा दिवसांची होऊन गेली. तुह्या मामाजीनं तिले नाल्यापल्याड मोठ्या अंजनाच्या झाडाखाली मातीत ठेवलं. तिच्या वाटचं दूध तू प्याली.

दर संक्रांतीले मी तिथं जाऊन बसते. आता कोणी जाणार नाही. तुह्या फोटोत ते अंजन दिसत असन, तं वर्सातून एकदा पाहत जाजो.

तुही आत्या,
जनका